तुघलकी हुकूम आणि तीन उभे दगड

कारखान्यात डबे पुरवणारी मावशी त्या सांजेला शेडवर आली नसती, तर मी तिथून धड परतलो नसतो. म्हणून आधी तिची आठवण काढतो.

आठवीत शाळा सुटली. मेंढरं, गाव सगळं लांब टाकून मी बजाजनगरच्या कारखान्यात कामाला लागलो. एका सकाळी मालक म्हणाला, यंत्रं आजच दौलताबादच्या पायथ्याला नव्या शेडमधी हलवायची. तिथं ना लाईट, ना पाणी. फिटर पुटपुटले, तुघलकी कारभार. मला वाटलं, असंल एखादा शब्द, येडपटपणाला म्हणायचा.

राखणीला मला एकट्यालाच ठेवलं. काम जाईल या भ्यानं मी नाय म्हणलो नाय.

शेडमागं तीन दगडांची चूल होती. आम्हा मेंढपाळांत तळ कायमचा हलवला की चुलीचे दगड आडवे पाडतात. उभे ठेवले तर कुणीतरी माघारी येणार असतं. त्या चुलीला परक्यानं हात लावायचा नसतो. हे दगड उभे होते. पण भूक लई लागलेली. मी जाळ केला.

भाकर काही केल्या शेकेना. मग किल्ल्याकडून पावलं ऐकू आली. तांड्याची, पाय घासत चाललेली. रस्ता तर रिकामा. पावलं चुलीभोवती येऊन थांबली अन् जाळ खाली दबला, चहूबाजूंनी कुणी हात शेकायला धरावेत तसा.

मावशी माझा डबा घेऊन आली तेव्हा मी चुलीकडं बोट केलं. ती हसली नाही.

"फिटर तुघलकी म्हणत्यात ना, तो तुघलक माणूस व्हता, लेकरा. सुलतान. दिल्लीची माणसं उठवून इथं चालवत आणली, अन् मग म्हणला, चला माघारी. वाटंत किती मेली, गणती नाय. तवापासून असा हुकूम सुटला की लोक त्याचंच नाव घेत्यात."

डब्यातल्या भाकरी तिनं चुलीपाशी मांडल्या. जाळ सरळ झाला. मग एकेक दगड तिनं आडवा पाडला. पावलं उत्तरेकडं निघून गेली.

तिनं मला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी मालकाला बजावलं, पोरगं एकटं तिथं राहणार नाय, अन् कामावरून काढलं तर तुमचा डबा बंद. पुढं यंत्रंही माघारी आली.

अजून कुणी तुघलकी म्हणलं की मी रस्त्याकडं बघतो. एक दिवस माझी स्वतःची चूल मांडीन, अन् तिच्यावरची पहिली भाकर मावशीला नेऊन देईन.