निळ्या फरशीवरचे दोन ठिपके

बाथरूमच्या भिंतीवर, निळ्या फरशीत, पांढऱ्या सिमेंटचे दोन ठिपके आहेत. अंघोळ करताना रोज दिसतात.

घराचं काम चालू होतं तेव्हा मिस्त्री आईला म्हणाला होता, "आजी, जरा हात टेका बरं भिंतीला." तिने टेकला तिथेच त्याने आधाराच्या दांड्यासाठी दोन भोकं पाडली. पुढे दुकानात आम्हाला एक मोठा, महागडा शॉवर आवडला. खर्च आधीच हाताबाहेर चालला होता. "दांडा नंतर बसवू," मी म्हणालो. आई हसली. "राहू दे रे, मी काय एवढी म्हातारी झालेय?" मिस्त्रीने भोकं बुजवली.

मला तेच ऐकायचं होतं. घराचं बजेट बसवताना कात्री लागते ती "राहू दे" म्हणणाऱ्या माणसालाच.

दिवाळीच्या आधी आई तिथेच घसरली. खुबा मोडला. दवाखान्यातून ती परत आलीच नाही. पाहुणे अजून शॉवरचं कौतुक करतात.

आज डोळ्यांत साबण गेला आणि मी चाचपडत भिंतीला हात टेकला. डोळे उघडले, तर तळवा बरोबर त्या दोन ठिपक्यांच्या मधे होता. ओल्या फरशीवरून तो सावकाश खाली घसरत गेला.