चार बोटं पाण्याचा उस्ताद

उस्ताद माणूस म्हणून कसा होता, असं कोणी विचारलं तर सरळ सांगून टाकावं की वाईट होता. पण उन्हाळ्यात त्या नदीतून होडी न्यावी तर त्यानेच, हेही त्याच दमात सांगावं लागतं, आणि तिथेच सगळी पंचाईत आहे. वाईट माणसाला एखादी गोष्ट फार चांगली येत असली की लोक त्याचं काय काय चालवून घेतात, विचारू नका.

उन्हाळा लागला की नदी अंग चोरून बसायची. मोठ्या होड्या काठावर उलट्या पडलेल्या असायच्या, आणि उस्तादाची चपट्या बुडाची होडी तेवढी दिवसातून चार फेऱ्या मारायची. तिच्या मागच्या कडेवर एका खुंटीवर तोललेलं इंजिन. त्याला मागे आठ-दहा फूट लांब नळी, नळीच्या टोकाला पंखा, आणि पुढे हातात धरायला दांडा. दांडा दाबला की पंखा वर येतो, सैल सोडला की खाली जातो. एवढंच ते यंत्र, शेंबडं पोरही दहा मिनिटांत शिकेल. पण तळ वाळूचा, आणि वाळूला घरदार नसतं. काल जिथे छातीभर पाणी होतं तिथे आज कोंबडी चालत जाईल. पंखा वाळूजवळ आला की दांड्यातून बारीक खरखर येते, भाताच्या घासात खडा यावा तशी. ती हाताला कळली पाहिजे. कळली की लगेच दांडा दाबायचा, पंखा वरच्या वर फिरता ठेवायचा आणि काही झालं तरी रेस सोडायची नाही. नवखा माणूस इथे हमखास फसतो. तो घाबरतो, जपून जाऊ म्हणतो आणि वेग कमी करतो. वेग गेला की होडीचं बूड खाली बसतं, पंखा वाळूत घुसतो, आणि मग उतरा खाली आणि ढकला.

हे दोघा भावांना बापाने शिकवलं होतं. उथळात जो थांबला तो रुतला, असं तो जेवतानाही सांगायचा. बाप गेला तेव्हा थोरला चोवीसचा होता, धाकटा सोळाचा. थोरल्याने दांडा घेतला आणि धाकट्याच्या हातात बांबू देऊन त्याला पुढच्या टोकाला उभं केलं. बांबूवर लाल पट्टे मारलेले. बांबू तळाला टेकवायचा, कुठवर भिजला ते बघायचं आणि मागे ओरडून सांगायचं, "हात! वीत! चार बोटं!" दोन-चार वर्षं असं चालेल, मग आलटून पालटून दांडा धरू, असं तेव्हा ठरलं होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

थोरल्याला लोक उस्ताद म्हणायला लागले. धाकट्याला पोपट हे नाव उस्तादानेच ठेवलं. होडीत नवीन माणूस बसला, शाळेतल्या बाई म्हणा, पोती घेऊन जाणारा दुकानदार म्हणा, की तो हमखास विचारायचा, की हा पुढे उभा राहून काय ओरडतोय. मग उस्ताद दांड्यावर रेलून मोठ्याने सांगायचा, "ओरडू दे हो त्याला. गप्प बसला तर झोप लागते. माझ्या हाताला सगळं कळतं." होडी हसायची. सुरुवातीला धाकटाही हसायचा. मग हसायचा थांबला, आणि पुढे पुढे तर त्याची पाठ बघून त्याने ऐकलं की नाही हेही कळेनासं झालं. रोज सकाळी इंजिन पुसणं, पंख्याची झिजलेली पाती कानशीने घासणं आणि रिकामी होडी बांधल्या जागेवरून घाटापर्यंत आणणं हीसुद्धा त्याचीच कामं. रिकामी होडी गाढवही आणेल, असं उस्ताद म्हणायचा.

आणि खरंच, उस्तादाच्या हाताला कळायचं. खोटं कशाला बोला? एकोणीस वर्षं त्याने पोपटाचा एक शब्द ऐकला नसेल.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडायला लागली. आधी गार सकाळी तेवढीच, मग केव्हाही. मुंग्या यायच्या, त्या जायच्या. मग मुंग्याही येईनात. एक दिवस होडीत कातडी जळल्याचा वास आला, तेव्हा त्याने आधी प्रवाशांकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हाताकडे. इंजिनाच्या तापलेल्या नळकांड्याला करंगळीची बाजू टेकली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. पैलतीरावरच्या डॉक्टरने सुईने टोचून पाहिलं, डोळे मिटायला लावून विचारलं, आणि शेवटी सांगितलं की इंजिनाची थरथर इतकी वर्षं हातात मुरली आहे, गेलेलं परत यायचं नाही, इंजिन सोडलं तर उरलेलं राहील. उस्ताद म्हणाला, बरं, आणि तिथूनच होडीवर गेला.

हे फक्त बायकोला माहीत होतं, कारण सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं तीच लावायची.

मग दांडा कसा धरत होता? पोपटाच्या जिवावर. पुढून "वीत" आलं की सैल सोडायचा, "चार बोटं" आलं की दाबायचा. तीन वर्षं होडी पुढून चालत होती आणि खऱ्या चालवणाऱ्याला, म्हणजे धाकट्याला, ते ठाऊकच नव्हतं. उस्तादाला मात्र पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्याची जीभ जास्तच सुटली. पूर्वी तो टोमणा दिवसातून एकदा मारायचा, आता फेरीगणिक मारायला लागला. ज्याच्यावाचून अडतं त्यालाच माणूस लाथा घालतो, ही काही नवी गोष्ट नाही.

बायकोने एकदा बटणं लावता लावता विषय काढलाच.

"अहो, भावोजींना सांगून टाका. सख्खा भाऊ आहे, खाणार नाही तुम्हाला."

"त्याला कळलं तर उद्या मी कुठे उभा राहू?"

"पुढे. बांबू घेऊन. ते राहिलेच ना बावीस वर्षं?"

त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पण बटणं लावून घ्यायला समोर उभा राहिला, ते चुकलं नाही.

त्या साली परवान्याची परीक्षा आली. दर पाच वर्षांनी नदीच्या कचेरीतून एक साहेब यायचा आणि पाणी सगळ्यात कमी असताना प्रवाशांबरोबर होडीत बसायचा. होडी न रुतता पार गेली तर परवाना पुढे चालू. रुतली तर दांडा दुसऱ्याला. अर्जात दोन ओळी असायच्या, एक चालवणाऱ्याच्या नावाची आणि दुसरी त्याच्या बदल्याची. ती दुसरी ओळ गेल्या चार परीक्षांत कोरी होती.

परीक्षेच्या आठवडाभर आधी धाकटा थोरल्याच्या घरी आला. खुर्ची असून उंबऱ्यावर बसला. पाणी प्यायला, छताकडे बघितलं, पुन्हा पाणी मागितलं. शेवटी म्हणाला की दादा, त्या दुसऱ्या ओळीत माझं नाव घाल. दांडा मागत नाही, नुसतं नाव. पोरीच्या शाळेत बापाचा धंदा विचारतात, तिथे काय लिहू, बांबू? उस्ताद बघू म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली, तशी त्याने मान खाली घालून सांगितलं, "घालतो म्हटलं ना." धाकटा उठताना वाकून थोरल्याच्या पाया पडला. तसं तो एरवी कधी करत नसे. उस्तादाला ते आवडलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. साहेबाने बूट काढून हातात घेतले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि मधल्या फळीवर दुकानदाराशेजारी बसला. होडीत आठ माणसं आणि एक शेळी. इंजिन चालू झालं. घाट मागे पडला आणि साहेबाने अर्ज उघडून विचारलं, की ही दुसरी ओळ रिकामी कशी? हा पुढे उभा आहे त्याचं नाव लिहायचं का? लिहायचं तर आज थोडा वेळ त्याच्याही हातात दांडा द्यावा लागेल, मला बघावं लागेल.

उस्तादाने पुढे पाहिलं. धाकट्याची पाठ एकदम ताठ झाली होती. तो वळला नाही, पण बांबू पाण्यात तसाच धरून थांबला होता. आज याने दांडा धरला आणि होडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली, तर सगळा घाट बघणार. मग उद्या कोणी आपला हात बघायला मागेल. आणि धास्ती वाटली की उस्तादाचं तोंड सुटायचं.

"ह्याचं नाव? साहेब, पोपटाला कधी कोणी परवाना देतं का? ओरडू दे त्याला. गप्प बसला तर झोप लागते. माझ्या हाताला सगळं कळतं."

साहेब हसला. दुकानदार हसला. साहेबाने दुसऱ्या ओळीवर पेनाने एक आडवी रेघ ओढली आणि पिशवी बंद केली.

धाकट्याने बांबू पाण्यातून काढला. खांद्यावरच्या फडक्याने वरपासून खालपर्यंत सावकाश पुसला आणि होडीत आडवा ठेवला. मग पुढच्या फळीवर बसला, पाठमोराच.

"काय रे?" उस्ताद म्हणाला.

"कशाला ओरडायचं, दादा? तुझ्या हाताला कळतं ना."

समोर वळण होतं. तिथे नदी पसरते, आणि उन्हात सगळं पाणी एकाच रंगाचं दिसतं, खोल कुठे आणि वाळू कुठे काही कळत नाही. उस्तादाच्या मुठीत दांडा होता, म्हणजे तो दिसत होता म्हणून होता. त्याने कान लावला, तर इंजिनापुढे काही ऐकू येईना. त्याने मूठ घट्ट केली, सैल केली, दुसऱ्या हाताने धरून पाहिलं. तोही तसलाच. बांबू उचल, एवढे दोन शब्द बोलायचे होते. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात साहेबाने वर पाहिलं आणि त्याने ते मिटून घेतलं. भाऊ त्याच होडीत, आठ-दहा हातांच्या अंतरावर बसला होता आणि उस्तादाला त्याच्याकडे एक शब्द मागता येईना.

मग त्याने जपून जाऊ म्हटलं आणि रेस कमी केली.

बावीस वर्षांत ही चूक त्याने केली नव्हती. होडीचं बूड बसलं, मागची लाट येऊन कडेवर आपटली, खालून खर्रकन आवाज आला आणि इंजिन गचके खाऊन बंद पडलं. शेळी घसरून दुकानदाराच्या मांडीवर गेली.

रेस उतरली तेव्हाच धाकटा वळला होता. तो भावाच्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. पांढरी बोटं, करंगळीच्या बाजूचा भाजलेला डाग, दोन्ही हातांनी आवळून धरलेला दांडा. त्याने बराच वेळ पाहिलं. तीन वर्षांतली एकेक फेरी तो डोक्यात पुन्हा मारत असावा.

"किती दिवस माझ्या ओरडण्यावर चालवतोयस?"

उस्तादाने दांडा सोडला आणि हात सदऱ्याखाली लपवले.

"आणि वर लोकांना हसवत होतास."

हे त्याने ओरडून म्हटलं नाही. पण इंजिन बंद होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

साहेबाने विचारलं की होडी काढणारं कोणी आहे का, की सगळ्यांनी चालत जायचं. धाकटा खाली उतरला. पाणी त्याच्या घोट्याच्या जरा वर होतं. त्याने खांदा लावून होडी हलवत हलवत मोकळी केली, मागून वर चढला आणि म्हणाला, "सरक, दादा." उस्ताद सरकला आणि दुकानदार अन् शेळी यांच्यामध्ये जाऊन बसला. धाकट्याने दोरी ओढली, रेस पूर्ण दिली आणि दांडा दाबला. पुढे कोणी उभं नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. होडी सगळं वळण पार करून गेली आणि खाली एक खरखर झाली नाही. साहेबाने पैलतीरावर बूट घालायच्या आधी त्याचं नाव लिहून टाकलं, रेघ मारलेल्या ओळीत नव्हे, वरच्या.

आता कोणी म्हणेल, धाकट्याने झालं गेलं विसरून भावाला घरी बसवावं, दोन घास सुखाने खाऊ द्यावेत. धाकट्याच्या बायकोनेही तेच सुचवलं. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी घाटावर त्याने बांबू थोरल्याच्या हातात दिला. बोटांना धरवत नव्हता तर मनगटाला सुतळीने बांधून दिला, अगदी नीट, दोन गाठी मारून. उस्ताद पुढे जाऊन उभा राहिला. घरी काय करणार होता? घरी बटणं होती.

पहिल्याच फेरीला पैलतीरावर नव्याने आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, हे पुढे उभे राहून काय ओरडतात?

"ओरडू दे हो," मागून आवाज आला. "गप्प बसला तर झोप लागते त्याला. माझ्या हाताला सगळं कळतं."

होडी हसली. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी उस्तादाला आत कुठेतरी बरंच वाटलं. हे वाक्य तो ओळखून होता. असं म्हणणारा माणूस आतून कान लावून बसलेला असतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? याचंही माझ्यावाचून अडतं. त्या एका विचारावर त्याने दीड महिना काढला. तो नेटाने बांबू टेकवायचा, नेटाने ओरडायचा, आणि "चार बोटं" म्हटल्यावर होडीचा सूर बदलतो का ते ऐकायचा. कधी बदलल्यासारखा वाटायचा, कधी नाही.

मग एक दिवस, त्याच वळणावर, त्याने बांबू वर उचलला आणि तोंड बंद ठेवलं. बघू या, म्हणाला मनाशी. आता रेस उतरेल, आता हाक येईल, दादा, बोल ना.

रेस उतरली नाही. होडी पसरल्या पाण्यावरून तशीच सुटली, वळली आणि वाळूच्या दोन पट्ट्यांमधून बरोबर निघाली. खाली साधा कणही घासला नाही. त्याने मागे वळून पाहिलं. धाकटा भाऊ दांड्यावर एक हात ठेवून उभा होता आणि शाळेतल्या बाईंशी पोरीच्या अभ्यासाबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याचं लक्ष पुढे गेलं.

"दादा, झोपलास का?"

होडी हसली. बाईही हसल्या. उस्तादाने बांबू पाण्यात सोडला, तळाला टेकवला, कुठवर भिजला ते पाहिलं आणि ओरडला, "वीत!"

मागे दांडा जिथे होता तिथेच राहिला.