लॉनवरची पहिली पाहुणी

आमच्या विजय नगरातले शेजारचे काका आधी माणसाचे पाय बघतात, तोंड नंतर. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून त्यांचा सगळा जीव लॉनमध्ये. फाटक वाजलं की आतून आवाज येतो, "चप्पल, जी, चप्पल!" त्यांची सख्खी बहीणसुद्धा कडेकडेनेच चालते.

काकूंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बायका काठपदर सावरत पोचलो, तर काका ओठांवर बोट ठेवून फाटकात आडवे उभे. लॉनच्या मधोमध काळा कुदळ्या, तो तळ्याकाठी दिसणारा पक्षी, लांब वाकडी चोच पार डोळ्यांपर्यंत खुपसून अळ्या काढत होता. हिरवळीची चाळण झाली होती. आता काका पाइप उगारणार, असं मला वाटलं. पाइप होता खरा, पण तो माती मऊ व्हावी म्हणून पक्ष्याच्या पुढ्यात हळूहळू वाहत होता.

"अहो, बाया उन्हात उभ्या आहेत न!" काकू दारातून म्हणाल्या.

"काहून घाई करून राहिली? पहिल्या पाहुणीचं जेवण होऊन राहिलं."

मग पक्ष्याच्या डोक्यावरचा लालभडक डाग आम्हाला दाखवत काका कुजबुजले, "बघा, घरूनच कुंकू लावून आली."