उद्घाटनाआधी ओव्हनला हात लावू नये

ओव्हनला झेंडूचा हार घातला होता आणि माझ्या हातात कच्च्या टार्टांचा ट्रे होता. सकाळचे अकरा वाजून गेले होते. परीक्षेच्या सात मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. परीक्षा घ्यायला आलेल्या शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्ट्रेस पहिल्या खुर्चीवर बसून घड्याळ बघत होत्या. ओव्हन तापायला वीस मिनिटं लागतात, हे मी हेडमास्तरांना तीनदा सांगून झालं होतं. पण ओव्हनला हात लावायची मला परवानगी नव्हती, कारण आमच्या संस्थेचे चेअरमन भाऊसाहेब यांचं भाषण चालू होतं.

"आद्य क्रांतिकारकांचं शिरढोण आपल्या तालुक्यात आहे," भाऊसाहेब सांगत होते. "ही क्रांतीची भूमी आहे. आज याच भूमीत स्वयंपाकघराची क्रांती होत आहे."

समोर पत्र्याचा एक गोल डबा. त्यात अजून एक बिस्कीटसुद्धा भाजलं गेलं नव्हतं.

मी तेव्हा पनवेलच्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत होते. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. विषय नवा होता, खात्याची मान्यता मिळायची होती. मान्यता प्रात्यक्षिक बघून मिळणार, आणि नाही मिळाली तर विषय बंद. माझी नोकरी टेंपररी होती, ती गेली असती तर मी दुसरी शोधली असती. मुलींचं तसं नव्हतं. त्यांच्यातल्या निम्म्या जणी शाळेत येत होत्या त्या केवळ "तिथं स्वयंपाक शिकवतात" या एका सबबीवर.

हिराचंच बघा. खाडीकाठच्या मिठागरावर काम करणाऱ्या घरातली मुलगी. तिचे वडील जूनमध्ये शाळेत आले होते. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"बाई, तुमी सैपाक शिकवता म्हनून पोर शालंत येते," ते म्हणाले. "ते बंद झालं त मिठागरावर काम हाय तिला. आन पोरगा बी बघून ठेवलाय."

यात धमकी नव्हती. माणूस सरळ होता, आहे ते सांगत होता. मला ते वाक्य वर्षभर टोचत राहिलं.

आता अभ्यासक्रमाचं ऐका. त्यात एक धडा होता, 'पार्टीसाठी हाताने खाण्याचे पदार्थ', आणि प्रात्यक्षिकाला नेमका त्यातलाच पदार्थ लावलेला: सेव्हरी टार्टलेट. हा धडा लिहिणाऱ्या विद्वानांना पनवेल नकाशावर तरी दाखवायला हवं होतं. आमच्याकडे तेव्हा लोक मांडी घालून पंगतीत जेवत. कुणी उभ्याउभ्या तोंडात काही टाकलं, तर "एसटी चुकतेय का?" असं विचारत. पण अभ्यासक्रम तो अभ्यासक्रम. टार्ट तर टार्ट.

नावाला घाबरायचं कारण नाही. टार्ट म्हणजे मैद्याची पणतीएवढी खुसखुशीत वाटी आणि तिच्यात तिखटमिठाचं सारण. मैद्याच्या निम्मं घट्ट तूप घ्यायचं, मीठ घालायचं, आणि बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. मग माठातलं गार पाणी चमचा चमचा घालून गोळा जमवायचा. मळायचं मात्र नाही. सातही मुलींनी पहिल्या दिवशी पोळीची कणीक तिंबावी तसं ते तिंबलं, आणि जे तयार झालं त्याने चप्पल शिवता आली असती. पीठ लाटून साच्यात बसवायचं. वाटी रिकामीच भाजायची असते, आणि रिकामी भाजली की ती फुगते. म्हणून तिच्यात कागद घालून वर मूठभर कडधान्य ठेवायचं. पुस्तकात कसल्याशा परदेशी बिया लिहिल्या होत्या. आम्ही वाल घातले. वाटी जरा भाजली की वाल काढून टाकायचे आणि सारण भरून पुन्हा थोडा वेळ भाजायचं. सारण म्हणजे मटार, उकडलेला बटाटा, मिरपूड, आणि बांधायला व्हाइट सॉस, म्हणजे लोण्यावर परतलेल्या मैद्यात दूध घालून आटवलेला पांढरा रस. संपला पदार्थ. साचे आमच्या बाजारातल्या पत्रेवाल्याने वनस्पती तुपाच्या डब्यांतून कापून दिले होते.

राहिला ओव्हन. तो नव्हता. त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्याकडे कोबीचं भानोलं भाजतात ते कशावर? पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. आम्ही तीन महिने तसंच शिकलो. पातेल्यात तळाला वाळूचा थर, त्यावर ताटली, ताटलीत साचे. खाली निखारे थोडे, वर जास्त. आत चिमूटभर मैदा टाकायचा. दहा म्हणेपर्यंत तो बदामी झाला तर उष्णता बरोबर, लगेच काळा पडला तर जास्त. या कामात हिराचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. माझ्याही वाट्या कधी करपत, तिच्या नाही.

परीक्षेच्या चार दिवस आधी भाऊसाहेब वर्गात आले. भाताच्या गिरणीचे मालक, तालुक्यात शब्दाला वजन, आणि ते वजन दिवसातून दहादा लोकांच्या अंगावर टाकायची सवय. मुलींनी साच्यांत वाल घातले होते. भाऊसाहेब वाकून बघायला लागले.

"बाई, हे काय? बिरडं करताय?"

मी वालांचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, कारण तोवर त्यांना शेगड्या दिसल्या होत्या.

"मुंबईहून इन्स्पेक्ट्रेस येणार, आणि त्यांना तुम्ही शेगडी दाखवणार? शाळेची काय अब्रू राहील? मी ओव्हन मागवतो. विजेचा!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी ओव्हन आला. सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलं होतं की याला वेगळी जाड वायर आणि वेगळा प्लग हवा. आमच्या शाळेत वीज होती ती चार दिव्यांपुरती आणि ऑफिसातल्या रेडिओपुरती. नाकापेक्षा मोती जड. मी पुस्तिका घेऊन हेडमास्तरांकडे गेले.

"सर, आजच लावून बघू या. उद्या परीक्षा आहे."

"बाई, उद्घाटनाआधी कसा लावणार?" हेडमास्तर म्हणाले. "इन्स्पेक्ट्रेस बाईंच्या हस्ते बटण दाबायचंय. भाऊसाहेबांनी फोटोग्राफर सांगितलाय."

"फोटो उद्या काढा. मी आज फक्त तापवून बघते."

"मग ते उष्टं नाही का होणार?"

हेडमास्तर बी.ए., बी.टी. होते. विजेचा ओव्हन उष्टा होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी भाऊसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "पाहुण्यांचा मान असतो, बाई. उद्घाटनाआधी ओव्हनला हात लावायचा नाही." आणि जाता जाता शेगड्या, कोळसा, पातेली, सगळं लाकडांच्या खोलीत टाकून कुलूप लावायला सांगून गेले. मी गप्प बसले. नोकरी टेंपररी असली की जीभही टेंपररी होते. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

तर भाषण संपलं तेव्हा पावणेबारा झाले होते. माझ्या ट्रेमधल्या वाट्यांचं तूप मऊ पडायला लागलं होतं. असं झालं की वाटीच्या कडा खाली बसतात. मी ट्रे पाण्याच्या खोलीत नेऊन ओल्या गोणपाटावर ठेवला आणि परत आले. क्लार्कने ओव्हनचा तीन पिनांचा प्लग कापून तारा थेट दिव्याच्या होल्डरला जोडल्या होत्या. त्याचा त्याला अभिमानही होता. नारळ फुटला. हळदकुंकू वाहिलं. फोटोग्राफर म्हणाला, "हसा." इन्स्पेक्ट्रेसनी न हसता बटण दाबलं.

फट्ट आवाज झाला. दिवा गेला, ऑफिसातला रेडिओ गप्प झाला.

टाळ्या मात्र व्हायच्या तेवढ्या झाल्या. पुढच्या रांगेला वाटलं, असंच असतं.

क्लार्कने फ्यूज बांधला. पुन्हा फट्ट. मग त्या बृहस्पतीने फ्यूजला दुप्पट जाड तार बांधली, आणि या वेळी होल्डर धुमसायला लागला. रबर जळल्याचा वास सुटला. मुली मागे सरल्या. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"वायरमनला बोलवायला माणूस पाठवलाय," भाऊसाहेब म्हणाले. "तोवर जेवून घेऊ या. मसालेभात आहे. आणि परीक्षेचं म्हणाल तर ती काय, पुढच्या वर्षी घेता येईल. उद्घाटन तर झालं!"

इन्स्पेक्ट्रेस उठल्या. सडपातळ, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. "माझी एसटी साडेचारला आहे," त्या म्हणाल्या. "प्रात्यक्षिक झालं नाही तर मला 'सोय नाही' असं लिहावं लागेल. मग मान्यता मिळणार नाही."

"पुढच्या वर्षी मिळेल की," भाऊसाहेब म्हणाले.

मी हिराकडे बघितलं. तिच्यासाठी पुढचं वर्ष नव्हतं. भाऊसाहेबांना हे मी सांगितलेलं होतं, नावानिशी सांगितलं होतं. त्यांना ते आठवतही नव्हतं. त्या क्षणी त्या माणसाचा मला जो राग आला, तो इतक्या वर्षांत उतरलेला नाही.

"सर, लाकडांच्या खोलीची किल्ली द्या," मी हेडमास्तरांना म्हणाले.

"भाऊसाहेबांना विचारून..."

"बाई," हिरा मध्येच म्हणाली, "माघारी चूल पेटलेली हाय. निखारं हायेत. पातेली बी हायेत."

शाळेच्या मागे पाहुण्यांचा मसालेभात शिजत होता. तो मी विसरलेच होते. मी इन्स्पेक्ट्रेसकडे वळले. "बाई, अर्धा तास द्या. माझ्या मुलींना ओव्हन लागत नाही. निखाऱ्यांवर करतात. तुम्ही समोर उभ्या राहून बघा."

हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळाच पेटवून दिली होती. भाऊसाहेब म्हणाले, "बाहेर ऊन आहे. पाहुण्यांना चुलीपाशी नेणार?"

"मी परीक्षेला आले आहे," इन्स्पेक्ट्रेस म्हणाल्या, आणि माझ्या आधी बाहेर पडल्या.

मागे आचाऱ्याने हातातला झारा आडवा धरला. "निखारे काढलेत तर भात कच्चा राहील."

"ऱ्हाऊ दे," हिरा म्हणाली आणि घमेलं घेऊन खाली बसली.

सात मुलींनी पदर खोचले. दोघींनी चौकातली वाळू आणली, दोघींनी विटा मांडल्या. आचाऱ्याची तीन पातेली आम्ही रिकामी करून घेतली, एकातली कोशिंबीर परातीत ओतली. हिराने निखारे मांडले, झाकणावर रास आणि खाली जेमतेम एक ओळ. चिमूटभर मैदा आत टाकला आणि मोजायला लागली. आठ म्हणेपर्यंत तो तपकिरी झाला. तिने झाकणावरचे दोन निखारे चिमट्याने उचलून बाजूला केले आणि पुन्हा मोजलं. दहा. मग म्हणाली, "घाला, बाई."

इन्स्पेक्ट्रेस उन्हात उभ्या राहून एकेकीला प्रश्न विचारत होत्या. "वाल कशाला?" "वाटी फुगू नये म्हणून." "गारच पाणी का?" "तूप विरघळू नये म्हणून." "वर निखारे जास्त का?" यावर हिरा म्हणाली, "तल आधी जलतो, बाई. वर कोनी बघत नाय म्हनून निखारा कमी ठेवला त कच्चा ऱ्हातो." इन्स्पेक्ट्रेसनी ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

पहिली खेप निघाली. काही वाट्यांच्या कडा बसल्या होत्या, भाषणाची कृपा. बाकीच्या खड्या, बदामी. सारण भरून दुसऱ्यांदा भाजल्या. इन्स्पेक्ट्रेसनी प्रत्येकीची एक याप्रमाणे सात टार्ट खाल्ले, उभ्याने, हाताने, अगदी अभ्यासक्रमात लिहिल्याप्रमाणे. हिराचा खाल्ला तेव्हा खाली सांडलेला चुरासुद्धा बोटाने टिपला.

भाऊसाहेब दारात उभे होते. मसालेभात कच्चाच राहिला होता, त्यामुळे त्यांनीही दोन टार्ट उचलले. तिसरा तोंडात असताना म्हणाले, "ओव्हनमध्ये आणखी चांगले झाले असते." अडीचला वायरमन आला. वरातीमागून घोडं. त्याने होल्डर बघितला, कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

दीड महिन्याने मान्यतेचं पत्र आलं. सातही मुली प्रात्यक्षिकात पास. शेऱ्यात लिहिलं होतं, 'शिक्षिका व विद्यार्थिनी उपलब्ध साधनांचा उत्तम वापर करतात. विजेचे उपकरण धोकादायक असून तात्काळ बंद करावे.' संस्थेच्या वार्षिक अहवालात भाऊसाहेबांनी यातला एक शब्दही येऊ दिला नाही. तिथे छापलं, 'चेअरमनसाहेबांच्या दूरदृष्टीने आणलेल्या विद्युत ओव्हनमुळे गृहशास्त्र विषयास मान्यता प्राप्त.' शेजारी फोटो, ओव्हन आणि भाऊसाहेब. इन्स्पेक्ट्रेसचा अर्धा खांदा आला होता. मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "बाई, मान्यता मिळाली ना? मग कशाला?"

हिराचे वडील शाळेत आले. मी त्यांच्यापुढे मुलींनी केलेले टार्ट बशीत ठेवले. त्यांनी एक उचलला, फिरवून बघितला, खाल्ला.

"यानं पोट भरत नाय," ते म्हणाले.

"नाही भरत."

"पन पोर पास हाय?"

"पहिली आली आहे."

त्यांनी बशी हळूच माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या शालंत. त्या पोराच्या बापाला मी सांगतो." चपला घालून ते गेले. हिरा मॅट्रिक झाली, पुढे ट्रेनिंगला गेली आणि उरणकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली.

मी त्यानंतर सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि बऱ्याच उद्घाटनांना टाळ्या वाजवल्या. शिकले ते एवढंच: मोठ्या माणसाच्या हस्ते काही सुरू होणार असेल, तर आपण मागच्या दाराने कोळसा आणून ठेवावा.