शांताच्या ठेच्याचं गाणं रेकॉर्डवर काहून नाही?

बायाहो, आज मेडशीच्या लग्नात पुन्हा तोच वाद! आपल्या लाडक्या भीमगीतवाल्या गायकानं शांताच्या ठेच्याचं गाणं रेकॉर्डवर काहून घेतलं नाही?

एक म्हणे, जागा नव्हती. दुसरा म्हणे, कंपनीले आवडलं नसन. मी मनात म्हटलं, बरं झालं!

पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. जयंतीले गाण्याची पार्टी आमच्या इंझोरीत आली, की जेवाले घरं वाटून देत. त्या साली गायक शेजारच्या शांताकडे गेला, अन् माह्या घरी आला ढोलकीवाला. मी पुरणपोळी केली होती, तिनं नुसती ठेचा-भाकर. तरी त्यानं तिच्याच ठेच्यावर गाणं रचलं अन् साऱ्या गावासमोर गायलं. तवापासून मी जळून राह्यली.

आज पोरी म्हणाल्या, "शांताआजी, म्हणून दाखव ना!" ती ऐटीत उभी राह्यली अन् दुसऱ्याच कडव्यात अडकली.

तेवढ्यात मांगून कोणीतरी पुढचं कडवं म्हटलं. मीच होती ते! शेवटपर्यंत म्हटलं, एक शब्द न चुकता.

शांता हासून म्हणे, "तुले कसं वं पाठ?"

सांगा बायाहो, काय उत्तर देऊ तिले?