वगळलेलं प्रकरण

मयूर विहारहून मेट्रोत जागा मिळाली, की सूर्यकांत आठल्ये पिशवीतून एक पुस्तक काढत. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असे. शेजारच्या माणसाला वाटावं, हे साहेब खात्याच्या परीक्षेला बसताहेत. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर असलेल्या माणसाबद्दल तसं वाटायला हरकतही नव्हती. पण आत असायची वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेली कादंबरी.

हे सगळं हेमलतामुळे. त्यांची ही धाकटी बहीण पुण्यात राहायची. वहिनी, म्हणजे सूर्यकांतांची बायको अरुणा, गेल्यापासून ती भाचीला, अहिल्याला, अधूनमधून मराठी पुस्तकांचं पार्सल पाठवायची. दिल्लीत वाढलेल्या पोरीचं मराठी सुटू नये, म्हणून. एकदा फोनवर ती म्हणाली, "दादा, अहिल्या बारा वर्षांची झाली. तिच्याशी बोलत जा जरा."

"बोलतो की. जेवलीस का, होमवर्क झाला का..."

"ते नव्हे रे. बरं, बोलणं जमत नसेल तर निदान ती काय वाचते ते तरी वाच."

सूर्यकांतांनी हा हुकूमच मानला. अहिल्याचं वाचून झालं, की पुस्तक त्यांच्या पिशवीत जायचं. पण वाचून मनाला स्वस्थता येण्याऐवजी घोर लागला. एका कादंबरीतली मुलगी घर सोडून निघून जायची. दुसरी जेवणच टाकायची. तिसरी क्लासला जाते म्हणून सांगायची आणि भलतीकडेच जायची. आणि प्रत्येक गोष्टीत बापाला सगळ्यात शेवटी कळायचं. संध्याकाळी घरी आले, की सूर्यकांत लेकीकडे चोरून बघत बसत.

एक गोष्ट मात्र ते वाचत नसत. या नायिकांची आई हटकून आजारी पडलेली असे. हॉस्पिटल आलं, की ते सरळ पुढचं प्रकरण उघडत. अरुणाच्या वेळी सगळं पाहून झालं होतं. छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केस गेले, आणि मग तीही गेली. घरात त्या दुखण्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे. "आईचं आजारपण" एवढंच म्हणायचे दोघं.

एप्रिल लागला आणि अहिल्या बदलली. तिनं बॅडमिंटनला जाणं सोडलं. घामाच्या धारा लागल्या तरी शाळेचं जॅकेट अंगातून काढेना. खांदे पुढे घेऊन, पोक काढून बसायची. ताटात भात तसाच राहायचा. सूर्यकांतांच्या डोक्यात वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्या एकदम गर्दी करू लागल्या.

"शाळेत कुणी त्रास देतं का गं?"

"नाही."

"कुणाशी भांडण?"

"नाही रे बाबा! सोड ना यार."

ती दार लावून आत गेली. एकदा ती शाळेत असताना त्यांनी तिचं दप्तर उघडून पाहिलं. काहीच मिळालं नाही. आपल्याच मुलीची झडती घेतली याची लाज तेवढी वाटली.

त्या आठवड्यात नवं पुस्तक पिशवीत आलं. घरी परतताना मेट्रोत त्यांनी ते हातात घेतलं, तर ते आपोआप एका पानावर उघडलं. तिथं पुस्तकाची शिवण ढिली झाली होती. पानाचा कोपरा पुन्हा पुन्हा दुमडून मऊ पडला होता. प्रकरण हॉस्पिटलचं होतं. सवयीनं त्यांनी पान उलटलं. मग हात थांबला. पोरगी हे एकच पान इतक्यांदा का वाचत असेल?

ते वाचू लागले. गोष्टीतल्या आईला अंघोळ करताना गाठ हाताला लागते. ती कुणाला सांगत नाही. अंगावर काढते.

जॅकेट. बॅडमिंटन. पुढे घेतलेले खांदे. मयूर विहार आलं तेव्हा ते माणसांना ढकलत खाली उतरले, रिक्षा न करता चालत सुटले. जिने चढताना त्यांना वाटत होतं, वर पोचूच नये.

अहिल्या स्वयंपाकघरात दूध तापवत होती.

"अहिल्या, तुला कुठे दुखतंय का?"

तिनं गॅस बंद केला. पण मागे वळली नाही.

"आईसारखंच झालंय मला," ती म्हणाली. "डावीकडेच. हाताला लागतं. मी पण मरणार का रे, बाबा?"

"काहीतरीच काय! उठ... म्हणजे चल. चप्पल घाल."

बाजारापलीकडे डॉक्टर विजयालक्ष्मींचा दवाखाना होता. त्यांनी अहिल्याला आणि नर्सला आत घेतलं, सूर्यकांतांना बाहेर बसवलं. भिंतीवर बाळांचे फोटो होते. ते त्यांना दिसत होते, पण कळत नव्हते. अरुणाच्या वेळीही असंच बाहेर बसवलं होतं आणि नंतर आत बोलावून खुर्ची दिली होती. खुर्ची देतील तर संपलं, असं काहीतरी त्यांच्या मनात येत राहिलं.

आत बोलावलं. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली. सूर्यकांत उभेच राहिले.

"बसा हो," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या. "तुमची मुलगी मोठी होतेय. दुसरं काही नाही. वयात येताना बहुतेकदा एका बाजूला आधी सुरू होतं, टणक लागतं, दुखतं. पुढे दुसरीकडेही होईल, तेव्हा पुन्हा घाबरायचं नाही, बेटा. घरी कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही," सूर्यकांत म्हणाले.

"आईला होतं, म्हणून मोठी झाल्यावर वेळेवर तपासण्या करायच्या. पण ते पुष्कळ पुढचं."

बाहेर आल्यावर अहिल्या आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. पार्कच्या कडेच्या बाकावर दोघं टेकले.

"तुला तरी माहीत होतं का हे?"

"नाही गं."

"आत्यानं एवढी पुस्तकं पाठवली. त्यात पळून जाणं आहे, प्रेम आहे, मरणं आहे. हे एकातही नाही!"

"आत्याला आता फोन करू. इथून पुढे असलं काही तिलाच विचारायचं. आणि मलाही. मला माहीत नसेल तर मी कुणाला तरी विचारून सांगेन."

"तू विचारशील? तू?"

"विचारेन."

"बाबा, आई घाबरली होती का?"

इतकी वर्षं हाच प्रश्न येईल या धाकानं ते तिच्याशी फक्त होमवर्कचं बोलत आले होते. पण या वेळी पान उलटता येणार नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "खूप घाबरली होती. तू खोलीत आलीस, की हसायची. तुला कळू नये म्हणून."

"मला कळत होतं," अहिल्या म्हणाली. "मी पण हसायचे."