पाचवं कारण

ज्या दिवशी तुम्ही शाळेत गेला नाहीत, त्या दिवशी तुमच्या नावापुढे काय कारण लिहिलं गेलं, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? नसेलच पाहिलं. हजेरीपट ही आपण पाहायची वस्तू आहे, असं आपल्याला कुणी सांगितलंच नाही. गेल्या महिन्यात आईने कुडाळच्या आठवडी बाजारातून मिरच्या आणल्या. त्या बांधलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर चार ओळी होत्या. 'सेवानिवृत्त शिक्षिका श्रीमती कार्मेलीन डिसोजा यांचे मालवण येथे अल्पशा आजाराने निधन झाले...' कागदावरच्या बिया झटकून मी ती ओळ पुन्हा वाचली. अल्पसा. आजार. दोन्ही शब्द खोटे. जन्मभर ज्या बाईने एकाही मुलाच्या नावापुढे खोटं कारण लिहिलं नाही, तिच्या स्वतःच्या नावापुढे मेल्यावर खोटं कारण छापून आलं, आणि त्यात कुणी मिरच्या बांधल्या.

कार्मेलीनबाई आमच्या गावच्या बोर्डाच्या शाळेत आल्या, तेव्हा स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. कायद्याने खोती गेली होती, वेठ तर त्याच्याही आधी गेली होती. कागदावर. गावात मात्र दाजी खोताच्या बागेत दर घरातून एक माणूस बिनमजुरीचा जायचाच. घरातली मोठी माणसं शेतात किंवा होडीवर, म्हणून ते 'एक माणूस' बहुधा आम्ही पोरंच असायचो. सडक्या तारल्यांचं, म्हणजे बारक्या मासळीचं, खत पाटीत भरून माडांच्या आळ्यांत ओतायचं, पडलेली काजू वेचायची, माडाची वाळकी चुडतं, म्हणजे झावळ्या, ओढायची. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं की हातांना तारल्यांचा वास. बाकीची मुलं नाक धरत. बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि नाक धरणाऱ्या एकाच्या अशी मुस्काटात मारली की त्याचं नाक नंतर दिवसभर उघडंच राहिलं. गोड नव्हत्या त्या. पांढरं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात खुरीस, आणि जिभेवर विस्तव. मृत्यूनंतर माणसांना गोड करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला नको आहे.

त्यांची एक सवय होती. आधीचे मास्तर गैरहजर मुलापुढे टिंब देऊन मोकळे होत. बाई मात्र हजेरी घेताना मान वर करून, आदल्या दिवशी कुठे होतो ते विचारायच्या, "काल खंय होतंस?" आणि जे उत्तर येईल ते वहीच्या समासात जसंच्या तसं लिहायच्या. 'आजी मेली.' 'पाऊस, वहाळ भरला.' 'खोताच्या माडांना खत घातलं.' 'खोताची काजू.' 'खोताची काजू.' 'खोताची काजू.' त्यात गुपित काही नव्हतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. ते कुणी लिहीत नव्हतं, एवढंच.

मग वरून हुकूम आला. जिल्ह्यातल्या शाळांचे हाताने आखलेले जुने कागद आता चालणार नाहीत. मोठे छापील तक्ते येतील. मागच्या वर्षांची हजेरी त्यांवर उतरवून घ्यायची, आणि मग जुन्या वह्या रद्दीत. तक्ते आले. जाड, गुळगुळीत, वर सरकारी शिक्का. गाव बघायला लोटलं. आता कारण शब्दांत लिहायचं नव्हतं, आकडा घालायचा होता. खाली बारीक अक्षरात दिलं होतं: एक म्हणजे आजारी, दोन म्हणजे परगावी, तीन म्हणजे घरकाम, चार म्हणजे इतर. आजारपण तेवढं माफ. बाकीचे आकडे फार झाले, तर सातवीच्या परीक्षेला बसता येणार नाही.

मी सातवीत होते. माझ्या नावापुढच्या समासात माड आणि काजूच जास्त होते. बाबा शाळेच्या पडवीत येऊन उभे राहिले. पंचा हातात.

"बाईनू, एक घाला. आजारी म्हणान. काय जाता तुमचा? चेडवाची परीक्षा तरी चुकाची नाय."

"काय झालां तेका?"

बाबांनी हातातला पंचा खांद्यावर टाकला.

"मी सांगतंय. खोत लागलो तेका," बाई म्हणाल्या. "भूत लागलां तर घाडी उतरयता. खोत लागलो तर कोण उतरयतलो, तां सांग."

बाबांना हसू आलं आणि लगेच त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. ते मागे वळून पाहणं मी अजून विसरलेले नाही. आमच्या सगळ्या गावाची मानच तशी वळलेली होती.

बाईंनी तक्त्याच्या तळाशी, चार कारणांच्या खाली, छापील अक्षरांइतक्याच बारीक अक्षरात एक ओळ वाढवली. 'पाच: खोताच्या बागेत वेठ.' आणि मग सगळी वर्षं उतरवायला घेतली. आमच्या वर्गाचा तक्ता पुरा झाला तेव्हा तो पाचांनी भरून गेला होता, पानावर मुंग्या उठाव्यात तसा.

दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब, आले ते दाजी खोताच्याच बैलगाडीतून. खोत शाळा समितीचा अध्यक्ष. त्याने साहेबांच्या हातात शहाळं दिलं. ते पाडायला माडावर चढवलेला मुलगा आमच्याच वर्गातला होता. त्याच्या नावापुढे त्या दिवशीही पाचच पडले. साहेबांनी तक्ता उघडला.

"बाई, छापील कारणं चारच आहेत. हे पाचवं कुणी घातलं?"

"मी."

"कुठल्या अधिकारानं?"

"ही चार ज्यांनी घातली, त्यांनी ह्या शाळेत कधी शिकवलं होतं का, साहेब?"

साहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय वाचलं आणि कुणाच्या शेजारी बसून. शहाळं तोंडापर्यंत गेलं नाही. "विचार करू," म्हणून ते उठले. खोत जाता जाता पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "किरिस्तांव ती. आमच्या गावचा तिका काय पडलां?"

त्याच आठवड्यात, भर दुपारी, वर्ग चालू असताना खोताची दोन माणसं आत आली. एकाच्या हातात नारळ सोलायची लोखंडी पहार. बाई टेबलापाशी बसून लिहीत होत्या.

"बाय, ते कागद हय दी."

बाईंनी उजवा हात तक्त्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"हात काढ."

"काढूचंय नाय. आधी लिवक शिक, मगे माग."

पहार खाली आली. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. पुढच्या बाकावर माझ्या फ्रॉकवर रक्त उडालं. पहार दुसऱ्यांदा आली ती टेबलाच्या फळीत रुतली, कारण बाई तोवर उठल्या होत्या, आणि त्यांनी डाव्या हाताने घंटा वाजवायचा लोखंडी दांडा उचलून त्या माणसाच्या तोंडावर फेकला होता. त्याचे पुढचे दोन दात जमिनीवर पडले. मी ते पाहिले. सांगायला लाज वाटत नाही, मला आनंद झाला. दुसऱ्याने गठ्ठा उचलला, अंगणात चुडतांवर टाकला आणि पेटवला. सरकारी शिक्क्याचा जाड कागद लवकर जळत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. मग बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हात लुगड्यात गुंडाळलेला, आणि त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या ह्या पुरवणीत छापल्या जाणार नाहीत.

पोलीस आले. मोठ्या माणसांपैकी कुणीच काही पाहिलं नव्हतं. वर्गातल्या सगळ्या पोरांनी पाहिलं होतं, पण पोरांची साक्ष धरत नाहीत म्हणे. बाबांना विचारलं, तेव्हा बाबांनी पुन्हा मागे वळून पाहिलं...

पण त्या माणसांनी एक चूक केली, आणि ती चूक आमच्याच गावात होऊ शकते. छापील, शिक्क्याचा, तोच खरा कागद, असं त्यांना वाटलं. तो जळला म्हणजे सगळं जळलं. जुन्या वह्या तर हुकुमानेच रद्दी ठरल्या होत्या, रद्दीला कोण काडी लावतो? वह्या कपाटाच्या तळाशी तशाच होत्या. बाईंनी नवे तक्ते मागवले आणि दिवाळीच्या सुट्टीत, उजवा हात गळ्यात बांधून, डाव्या हाताने सगळं पुन्हा उतरवलं. आम्ही ओळीने नावं वाचून दाखवायचो. अक्षरं लहान मुलाची असावीत तशी, कलंडलेली. खाली पुन्हा तीच ओळ. पाच.

पुढे काय झालं ते ऐका, म्हणजे पहारीलाच हिंसा म्हणायची सवय सुटेल. तक्ते वरच्या कचेरीत गेले आणि कुण्या कारकुनाने तांबड्या शाईने एकूण एक पाच खोडून तिथे चार घातले. 'इतर.' त्याने बाईंचा हात मोडला नाही, शिवी दिली नाही, चहा पीत बसल्या जागी काम केलं. 'इतर' माफ नव्हतं. मला परीक्षेला बसू दिलं नाही. मी बाईंच्या दारात जाऊन ओरडले, "तुमच्या पाचापायी माझं वर्ष गेलं!"

त्यांनी मला बसवलं, पेज दिली. म्हणाल्या, "तुझां वर्ष कोणी खाल्ल्यान, तां लिवन ठेव. रडा नको. लिवन ठेव."

लिहायला कागद कुठला? मुंबईत गिरणीत असलेला माझा मामा संपाची पत्रकं पाठवायचा. त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मी वर्षभर बाईंकडे अभ्यास केला. पाठीवर व्याजाची गणितं, पुढे 'उठा!' पुढच्या वर्षी मी पास झाले.

आणि तो खोडलेला आकडा? तो गावाच्या तोंडात गेला. तिथे तांबडी शाई पोचत नाही. काजूचा हंगाम आला, खोताचा मुकादम हाक घालत फिरला, तर विहिरीवरच्या बायका हसल्या. "खंय, पाचात? आमी येवचंव नाय!" आधी एक घर गेलं नाही, मग दुसरं. बाबा गेले नाहीत, मलाही पाठवलं नाही, आणि ह्या वेळी त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. खोत बाजारात दिसला की कुठून तरी पोरं ओरडायची, "पाच इले रे, पाच इले!" निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. दात पडलेला तो माणूस हसला की लोक म्हणायचे, "ह्येका बाईनी शिकवल्यानी." कायद्याने जी वेठ गेली नव्हती ती हसण्याने गेली. पण त्या हसण्याची किंमत एका हाताने मोजली, हे हसणारे लवकर विसरले. बाईंची बदली झाली, तेव्हा एसटीपर्यंत पोचवायला फक्त पोरं होती.

तो हात कधीच बरा झाला नाही. आतलं हाड नासत गेलं. दर पावसाळ्यात सुजायचा, फुटायचा, पू वाहायचा. शेवटी ते विष रक्तात गेलं. ह्याला वर्तमानपत्र अल्पसा आजार म्हणतं.

मी मालवणला त्यांच्या भावाच्या घरी गेले. "डॉक्टरान ताप म्हणान लिवलां," भाऊ म्हणाले, आणि मला त्यांच्या खोलीत नेलं. खिडकीशी ते टेबल होतं. शाळेने मोडीत काढल्यावर त्यांनी ते उचलून आणलं होतं. पहारीची खाच तशीच, आणि त्या खाचेत शाईची दौत घट्ट बसवलेली. मागे एकदा मी त्याबद्दल विचारलं होतं, तर हसल्या होत्या. "खोतान माका दवतीक जागा करून दिल्यान. आता सांडना नाय." दौतीत अजून शाई होती.

वाचकहो, माझी एक मागणी आहे. ह्या आठवड्यात तुमच्या गावच्या शाळेत जा. हजेरीपट मागा. द्यायला नाही म्हणतील, उठू नका. ज्या पोरांच्या नावापुढे 'आजारी' किंवा 'इतर' लिहिलंय, त्यांच्या घरी जा, त्यांच्यासमोर उकिडवे बसा आणि विचारा, "काल खंय होतंस?" जे उत्तर येईल ते हजेरीपटावर शाईने लिहा. तक्त्यावर जागा नसली, तर तळाशी करा.